जांभळा बगळा : रूप, अधिवास आणि वर्तन

काठावरचा (धागाकर्ता)

नांदूर मध्यमेश्वर असो, उजनीचा फुगवटा असो की जायकवाडीचा नाथसागर, राखी बगळा बहुधा पोहोचल्या पोहोचल्याच दिसतो. जांभळा बगळा मात्र त्याच पाण्यावर, कधी कधी आपल्यापासून वीस-पंचवीस पावलांवर असूनही दिसेलच अशी खात्री नसते. दोघेही आर्डिआ या एकाच प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले, उंचीलाही फार फरक नाही, आणि तरीही एक उघड्यावर उभा राहतो व दुसरा गवताबाहेर यायला नाखूश असतो. हा फरक केवळ स्वभावाचा आहे असे मला वाटत नाही. या पक्ष्याचा रंग, त्याच्या पायाची बोटे, शिकारीची पद्धत आणि घरट्याची जागा यांपैकी प्रत्येक गोष्टीचे कारण पाण्यात उभ्या असलेल्या दाट वनस्पतींत सापडते, असे माझे मत आहे आणि ते तपासून पाहण्यासाठीच हा धागा काढत आहे.

आधी रूपाविषयी. लिनियसने १७६६ मध्ये या जातीला आर्डिआ पर्प्युरिआ असे शास्त्रीय नाव दिले. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत लांबी साधारण ७८ ते ९७ सेंटिमीटर आणि पंखविस्तार १२० ते १५० सेंटिमीटरच्या आसपास असतो. राखी बगळ्याचे वजन एक ते दोन किलो भरते, तर हा अर्धा किलो ते सव्वा किलोच्या आसपास राहतो; म्हणजे उंचीच्या मानाने हा फारच हलका आणि सडपातळ पक्षी आहे. डोक्यावर काळी टोपी आणि तिच्या मागे लोंबणारी दोन लांब काळी पिसे असतात. चोचीच्या कोपऱ्यापासून निघालेली एक काळी रेघ गालावरून मानेच्या मागे जाते आणि दुसरी तांबूस मानेच्या कडेने थेट खाली छातीपर्यंत उतरते. गळा पांढुरका आणि त्यावर तुटक काळ्या रेषा, खांद्याशी आणि मांड्यांवर विटकरी तांबूस रंग, पोट काळपट, चोच आणि डोळे पिवळे. पाठीवरची जांभळट झाक ऊन तिरपे असतानाच नीट दिसते. ढगाळ दिवशी ती पाठ निव्वळ गडद राखाडी वाटते. मानेवर आणि छातीवर लांब, सुटी पिसे असतात आणि विणीच्या दिवसांत ती अधिक भरून येतात. नर आणि मादी यांत रंगाचा फरक नसतो, नर किंचित मोठा असतो इतकेच.

हा पक्षी संग्रहालयातल्या कपाटात ठेवला तर भडक दिसेल. पाणकणसाच्या (उथळ पाण्यात उभ्या वाढणाऱ्या उंच, लांब पानांच्या वनस्पतीच्या) बेटात मात्र वाळलेली पाने तांबूस, त्यांच्या मधल्या सावल्या काळ्या आणि सगळ्या रेषा उभ्या असतात. त्यात मान उंचावून उभा राहिलेला जांभळा बगळा आपल्या नजरेसमोर असूनही वेगळा काढता येत नाही. चाहूल लागल्यावर उडण्याऐवजी तो पुष्कळदा चोच वर करून, मान ताठ करून थिजतो. अशा वेळी दुर्बिणीतून आधी सापडतो तो डोळा, आणि त्यानंतर उरलेला पक्षी हळूहळू त्याच्याभोवती जुळत जातो.

बोटांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहितो. या बगळ्याचे मधले बोट जवळजवळ त्याच्या नडगीइतके लांब असते आणि मागचे बोट व त्याची नखीही लांब असते. पाण्यावर तरंगणाऱ्या वेलींवर, कमळाच्या पानांवर किंवा मोडून आडव्या पडलेल्या नळाच्या (पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या) काड्यांवर पाय टाकताना वजन विभागले जाते आणि पक्षी बुडत नाही. कमळपक्ष्याने हीच सोय फार टोकाला नेली आहे, पण कमळपक्षी वजनाने अगदीच किरकोळ असतो. जवळजवळ मीटरभर लांबीच्या पक्ष्याने तरंगत्या गवतावरून चालावे हे जास्त नवलाचे आहे. पानांची गच्च जाळी जिथे असते तिथे तो उभ्या काड्या दोन्ही पायांनी मुठीत धरून, पाण्याला पाय न लावताही पुढे सरकतो.

शिकार तो बहुतेक एकट्याने करतो, आणि पहाटे व संध्याकाळी जास्त करतो. गवताच्या आतल्या कडेशी, जिथे लहानसे उघडे पाणी असते तिथे, मान पुढे तिरपी झुकवून तो बराच वेळ हलत नाही. मासे हे मुख्य खाद्य. त्याखेरीज बेडूक, पाण्यातले किडे, खेकडे, साप, सरडे, उंदीर आणि क्वचित इतर पक्ष्यांची पिलेही तो खातो. आपल्या चरण्याच्या जागेत दुसऱ्या जांभळ्या बगळ्याला तो सहसा खपवून घेत नाही.

घरटेही शक्यतो त्याच गवतात असते. उभे नळ किंवा पाणकणीस वाकवून, त्यावर काड्या रचून पाण्यापासून थोड्या उंचीवर तो माचा तयार करतो. जवळजवळ काही घरटी असतात, पण राखी बगळ्याच्या वसाहतीइतका गजबजाट नसतो. पाण्यात उभी झाडे असतील तर तो झाडांवरही घरटी करतो. अंडी फिकट निळसर हिरवी, बहुधा तीन ते पाच असतात. ती नर आणि मादी दोघे मिळून साधारण २५ ते २७ दिवस उबवतात. पहिले अंडे पडल्यापासूनच उबवणे सुरू होत असल्यामुळे पिले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत, आणि खाद्य कमी पडले तर सर्वांत लहान पिलू बहुतेक वेळा जगत नाही. पिले उडू लागायला साधारण दीड महिना लागतो.

आपल्याकडचा पक्षी मनिलेन्सिस या उपजातीचा असून ती दक्षिण आशियापासून पूर्व आशिया आणि फिलिपिन्सपर्यंत पसरलेली आहे. युरोप आणि आफ्रिकेतली मूळ उपजाती वेगळी, मादागास्करची आणखी वेगळी. आपला पक्षी मोठे स्थलांतर करत नाही, पाणी आटले की जवळपास जागा बदलतो.

सदस्यांनी आपल्या भागातली निरीक्षणे, आणि विशेषतः मतभेद, अवश्य मांडावेत.

---

सकाळची_फेरी

धागा आवडला. ओळखीविषयी थोडी भर घालतो, कारण हा पक्षी बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो उडताना, म्हणजे आपण काठावरून चालत असताना अचानक गवतातून उठून जाताना, आणि तेव्हा काळी टोपी किंवा मानेवरच्या रेघा पाहायला वेळ मिळत नाही.

सर्व बगळे उडताना मान आखडून घेतात. बहुतेक करकोचे आणि क्रौंच ती सरळ पुढे ताणतात. ही पहिली चाळणी. मान आखडलेली असताना गळ्याखाली जी घडी येते ती राखी बगळ्यात गोलसर असते, तर जांभळ्या बगळ्यात ती खोल आणि टोकदार, नावेच्या तळासारखी खाली उतरलेली दिसते. दुसरी खूण पायांची. शेपटीमागे निघालेली पावले इतकी लांब असतात की बोटे पसरलेली आणि मागची नखी वर आलेली लांबूनही कळते. तिसरी खूण पंखांची: राखी बगळ्याचे पंख स्पष्टपणे दोन रंगांचे, पुढे फिकट राखाडी आणि मागे काळे असतात, जांभळ्या बगळ्यात हा विरोधाभास पुसट असतो आणि एकूण पक्षी गडद वाटतो. आवाज ऐकू आला तर तो राखी बगळ्यासारखाच घोगरा, पण जरा आखूड आणि वरच्या पट्टीचा असतो.

अल्पवयीन पक्ष्यांनी अनेकांना चकवले आहे. त्यांचा रंग एकूण मातकट तपकिरी असतो, पाठीवरच्या पिसांना वाळूच्या रंगाच्या कडा असतात, टोपी आणि मानेवरच्या रेघा अर्धवट किंवा जवळजवळ नसतातच. पूर्ण वाढीचा पिसारा यायला काही वर्षे लागतात, त्यामुळे एकाच पाण्यावर निरनिराळ्या छटांचे पक्षी दिसले तर ते वेगवेगळ्या जातींचे असावेत असे समजण्याचे कारण नाही.

महाकाय बगळा दिसल्याचे दावे मधूनमधून छायाचित्रांसह येतात आणि त्यांतला पक्षी हमखास जांभळा बगळाच निघतो. महाकाय बगळ्याच्या डोक्यावर काळी टोपी नसते, डोके तांबूस असते, चोच अतिशय जाड व काळपट आणि पायही काळे असतात, आणि भारतात त्याच्या नोंदी मुळातच फार विरळ आहेत. टोपी काळी आणि चोच पिवळी व बारीक दिसत असेल तर वाद तिथेच संपवावा.

---

पाणवठा

दोन प्रश्न आहेत. पाण्यात मासा दिसतो तिथे तो प्रत्यक्षात नसतो, हे आपण शाळेत शिकलो; मग बगळ्याचा नेम कसा लागतो? आणि साप खातो असे लिहिले आहे, तर विषारी साप आणि बिनविषारी साप यांत तो फरक करतो का?

---

काठावरचा (धागाकर्ता)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बगळ्यांवर झालेल्या प्रयोगांत मिळते, जरी ते प्रयोग या जातीवर नसून सागरी बगळ्यावर झालेले आहेत. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा जिथे दिसतो आणि जिथे असतो त्यांतले अंतर पक्षी भरून काढतो, असे त्यांत आढळले. चोच मारण्याआधी तो डोके अशा जागी आणतो की माशाची दिसणारी खोली आणि खरी खोली यांतला संबंध ठरावीक राहील. उथळ पाण्याच्या कडेला बगळा मान एकदा इकडे, एकदा तिकडे हळूच झुलवतो, ते या नेमासाठीच असावे असे मला वाटते.

नेमाइतकाच महत्त्वाचा वेग आहे. बगळ्यांच्या मानेत सहावा मणका लांब असतो आणि तिथेच मानेला तो ओळखीचा बाक येतो. तो बाक एकदम सुटतो आणि चोच पुढे झेपावते. जांभळ्या बगळ्याची मान त्याच्या शरीराच्या मानाने फारच लांब व बारीक आहे, त्यामुळे पाऊलही न हलवता त्याला बरेच दूरचे भक्ष्य गाठता येते. दाट गवतात हे फायद्याचे असते, कारण तिथे पाऊल टाकले की काडी हलते आणि मासा पसार होतो.

सापांपैकी पाणथळीत त्याला सर्वांत सहज मिळणारा साप म्हणजे दिवड, आणि ती बिनविषारी असते. दिवड पकडली की ती चोचीला आणि मानेला वेटोळे घालते. मग बगळा ती आपटतो, डोक्याजवळ पुन्हा पुन्हा चावतो आणि वळवळ थंडावल्यावर डोक्याकडून गिळतो. हा खेळ कधी कधी बराच लांबतो. वाम हा सापासारखा लांब मासा गिळल्यावरही असेच होते. तिचा बुळबुळीतपणा मानेच्या पिसांना चिकटतो. त्यासाठी बगळ्यांकडे स्वतंत्र व्यवस्था आहे. छातीवर आणि कमरेशी काही पिसे अशी असतात की त्यांची टोके सतत झिजून बारीक भुकटी होते. ती भुकटी चोचीने मळलेल्या पिसांवर पसरायची, चिकट पदार्थ तीत शोषला गेला की मधल्या बोटाच्या दातेरी नखाने विंचरून काढायचा. दुपारी गवताच्या कडेला उन्हात बसलेला बगळा पुष्कळ वेळ याच कामात असतो. विषारी सापांबाबत खात्रीने सांगता येईल असे माझ्याकडे काही नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

---

गोदाकाठचा_शेतकरी

मी निफाड तालुक्यातला असून नांदूर मध्यमेश्वरचे पाणी आमच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा बांधला गेला, आणि त्यातून गोदावरीचे डावा व उजवा हे दोन कालवे निघतात. वरच्या धरणांतून आलेले पाणी अडवून कालव्यात वळवणे हे त्याचे काम. शंभर वर्षांत नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, त्यांवर पाणकणीस, नळ, लव्हाळा आणि बेशरम माजली. त्यालाच पुढे १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि नंतर राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव झाले. ती घोषणा २०२० च्या सुरुवातीला आली, रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे. सांगायचे हे की ज्या दलदलीचे कौतुक होते ती बंधाऱ्याच्या दृष्टीने साठवण कमी करणारी गोष्ट आहे. चापडगाव आणि खानगाव थडी या बाजूला मनोऱ्यावरून पक्षी पाहणाऱ्यांना जे हिरवे दिसते, तेच पुराच्या वेळी पाणी तुंबवते अशी काठच्या गावांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही.

जांभळा बगळा आमच्याकडे बारा महिने असतो. पाणकणसाच्या पट्ट्याच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या जिथे चरतात, तिथेच जरा आत तो उभा असतो. पाणकोंबड्या काड्या मोडून गाभा खातात आणि त्यामुळे आत लहान लहान मोकळ्या जागा तयार होतात. बगळा त्या जागांचा उपयोग करतो असे मला पाहून पाहून वाटू लागले आहे. भोई समाजातले जुने मच्छीमार असेही सांगतात की मरळीची पिले जिथे वर येतात तिथे हा नेमका थांबतो.

माझा प्रश्न असा आहे: जलपर्णी आणि हे सगळे गवत काढा अशी मागणी आम्ही शेतकरी आणि मच्छीमार दोघेही करतो. धागाकर्त्यांच्या मांडणीप्रमाणे ही मागणी या पक्ष्याच्या विरोधात जाते का?

---

काठावरचा (धागाकर्ता)

आपला प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. मोकळ्या जागांविषयीचे आपले निरीक्षण मला पटते. बंद, सलग गवतात शिकार करता येत नाही, त्याला गवत आणि पाणी यांची सीमा लागते आणि ती जितकी वेडीवाकडी तितकी त्याच्या सोयीची.

जलपर्णी आणि पाणकणीस या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली, पाण्यावर तरंगणारी वनस्पती आहे; सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर ती पोसते, पाण्याचा पृष्ठभाग झाकते, खाली उजेड पोहोचू देत नाही आणि प्राणवायू घटून मासे मरतात. तिच्या गालिच्याच्या कडेवर जांभळा बगळा उभा राहतो हे खरे, पण सगळे पाणी झाकले गेल्यावर त्याला तिथे कडही उरत नाही आणि मासाही उरत नाही. ती काढण्याला या पक्ष्याच्या बाजूने आक्षेप असण्याचे मला कारण दिसत नाही. पाणकणीस आणि नळ यांची मुळे गाळात रुतलेली असतात, ते स्थानिक आहेत, आणि घरटे, आडोसा व दिवसाची विश्रांती या तिन्ही गोष्टी त्यांच्यावर अवलंबून आहेत.

अडचण प्रत्यक्ष कामात येते. एकदा पोकलेन पाण्यात उतरले की चालकाला जलपर्णी आणि पाणकणीस यांत भेद करण्याचे कारण नसते. मोबदला तासावर किंवा घनमीटरवर असतो. शहरातल्या तलावांचे तर विचारूच नये. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला दगडी पिचिंग, वर चालण्याचा मार्ग आणि मध्ये कारंजे, असा साचा ठरून गेला आहे. त्यानंतरही त्या तलावावर राखी बगळा येतो, छोटा बगळा येतो, पाणकावळे तर कारंज्याच्या नळावर पंख वाळवत बसतात, आणि त्यामुळे पक्षी आहेतच की असे सहज म्हटले जाते. जांभळा बगळा मात्र पहिल्याच वर्षी नाहीसा झालेला असतो, आणि तो मुळात फारसा दिसत नसल्यामुळे गेल्याचेही कुणाला कळत नाही.

---

सकाळची_फेरी

उजनीच्या बाबतीत एक निरीक्षण जोडतो. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्यात राखी बगळे भरपूर असतात, चिलापी माशांवर त्यांची चंगळ असते. जांभळे बगळे त्या मानाने कमीच आणि तेही ठरावीक कोपऱ्यांत आढळतात. माझ्या मते याचे कारण पाण्याच्या पातळीत आहे. भीमेवरचे हे मोठे धरण पावसाळ्याअखेर भरते आणि उन्हाळ्यापर्यंत इतके उतरते की काठ कित्येक शे मीटर आत सरकतो. उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. ज्या काठावर वर्षभरात पाणी इतके मागे-पुढे होते तिथे पाणकणसाचा कायमचा पट्टा धरत नाही. फ्लेमिंगोंना आणि पाणलाव्यांना उघडा चिखल हवाच असतो, त्यामुळे त्यांचे साधते. नांदूरला बंधाऱ्यामागची पातळी त्या मानाने स्थिर राहते, म्हणून गवत टिकते आणि गवताबरोबर हा बगळाही.

त्यामुळे महाराष्ट्रात जांभळा बगळा शोधायचा असेल तर पाणी किती मोठे आहे हे पाहण्यापेक्षा त्याची पातळी वर्षभर किती हलते, हे आधी पाहावे असे मी सुचवीन.

---

मांडवीपार

गोव्यातून. वरचा पातळीचा मुद्दा आमच्याकडच्या करमळीच्या तळ्यालाही बऱ्याच अंशी लागू होतो. कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच हे तळे आहे. शेतीच्या पाण्यासाठी ते पूर्वीपासून वापरात आहे, पावसाळ्यानंतर भरलेले असते आणि त्यात देवभात (रानटी भात) व इतर पाणवनस्पती माजलेल्या असतात. आडोसा हिरवा आणि उभा असतो तेव्हा जांभळा बगळा असतो. पाणी उतरून मधला भाग उघडा पडला की तो कडेच्या गवतात किंवा शेजारच्या खाजणाकडे सरकतो, आणि मग तळ्यात उरतात ते वंचक, गायबगळे आणि उघड्या चोचीचे करकोचे. खाजणातल्या खारट पाण्यातही तो चरतो, मात्र तिथेही बांधाला लागून गवत असेल अशीच जागा निवडतो.

एक शंका आहे. धाग्यात घरट्याचा काळ लिहिलेला नाही. आमच्याकडे पावसाळ्यात गवतात शिरणे अशक्यच असते, त्यामुळे मला स्वतःला घरटे कधी पाहायला मिळालेले नाही.

---

डेल्फ्टहून

नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहतो. हा पक्षी इथे फार जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून लिहावेसे वाटले.

इथले जांभळे बगळे उन्हाळी पाहुणे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये येतात, नळाच्या दाट बनांत घरटी करतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून आफ्रिकेकडे परततात. हिवाळा काढतात तो सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात, नद्यांच्या पूरमैदानांत. १९७० आणि १९८० च्या दशकांत साहेलमध्ये भीषण दुष्काळ पडले, आणि इथल्या घरट्यांच्या संख्येत मोठी घट झाली. ज्या वर्षी तिकडे पूरमैदाने भरतात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात इथे जास्त जोड्या परततात, हा संबंध इथल्या अभ्यासकांनी दीर्घकाळच्या मोजणीतून दाखवून दिला. म्हणजे नळाचे बन कितीही उत्तम राखले तरी हजारो किलोमीटर दूर पाऊस पडला नाही तर ते रिकामे राहते. पुढे संख्या पुन्हा सावरली. इंग्लंडमध्ये तर या जातीने पहिल्यांदा घरटे केले ते २०१० मध्ये, केंट परगण्यातल्या डंजनेस येथे.

गवत कापण्याचा जो प्रश्न वर आला आहे तो इथे जुना आहे, कारण इथला नळ घरांच्या छपरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या कापला जातो. कापणी हिवाळ्यात होते आणि पक्षी तेव्हा आफ्रिकेत असतात, त्यामुळे वरवर पाहता काहीच अडचण नसावी. अडचण अशी आहे की एप्रिलमध्ये परतलेल्या पक्ष्याला घरट्यासाठी मागच्या वर्षीचा, वाळून उभा असलेला नळ लागतो. नवा कोंब तेव्हा जेमतेम पाण्याबाहेर आलेला असतो. सगळे बन कापून टाकले तर येणाऱ्या पक्ष्याला बसायला जागा नसते. म्हणून राखीव क्षेत्रांत काही पट्टे मुद्दाम कापल्याविना सोडतात. ते कायमचे सोडूनही चालत नाही. जुना नळ साचून जमीन भरत जाते, झुडपे उगवतात, कोल्ह्याला चालत आत शिरता येते आणि घरट्यांचा नाश होतो. त्यामुळे कापायचे पट्टे वर्षागणिक बदलत राहतात.

---

काठावरचा (धागाकर्ता)

डेल्फ्टहून आलेल्या माहितीमुळे मांडवीपार यांच्या शंकेचे महत्त्व वाढले आहे. भारतातल्या नोंदींप्रमाणे उत्तरेत विणीचा हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर आणि दक्षिणेत नोव्हेंबर ते मार्च असा धरला जातो; पाऊस आणि पाण्याची पातळी यांप्रमाणे तो मागे-पुढे होतो. महाराष्ट्र आणि गोवा उत्तर व दक्षिण या दोन्हींच्या मध्ये येतात. नेदरलँड्ससारखा, पक्षी मुळीच नाहीत म्हणून निर्धास्त कापणी करावी असा काळ आपल्याकडे मिळत नाही. जे काही करायचे ते पक्षी तिथे असतानाच करावे लागणार.

---

गोदाकाठचा_शेतकरी

यावर व्यवहाराची बाजू मांडतो. आमच्याकडे गवताचे काम होते ते एप्रिल-मेमध्ये, कालव्याच्या पाण्याचे शेवटचे आवर्तन (पाळी) सुटून गेल्यावर पाणी उतरलेले असते तेव्हाच, कारण एरवी यंत्र किंवा माणूस आत जाऊ शकत नाही. पट्टे आळीपाळीने कापणे आम्हाला अशक्य नाही. पुराला अडथळा होतो तो मुख्य प्रवाहातल्या गवताचा, कडेच्या थारोळ्यांतले गवत राहिले तरी आमची हरकत नसते. फक्त कुठल्या पट्ट्यात घरटी आहेत हे कापणाऱ्याला आधी कळले पाहिजे, आणि ते बाहेरून कसे ओळखायचे हे कुणी सांगत नाही. आत शिरून पाहिले तर पिले घाबरून घरट्याबाहेर पडतात आणि खाली पाण्यात जातात, हे मी बगळ्यांच्या इतर जातींत पाहिले आहे.

---

सकाळची_फेरी

आत न शिरता ओळखता येते, फक्त सकाळी दोन-तीन तास एका जागी बसण्याची तयारी हवी. चरायला निघालेला बगळा एकदा एका कोपऱ्यात, एकदा दुसऱ्या कोपऱ्यात उतरतो. पिले असलेला बगळा दूरवरून येऊन गवताच्या त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा उतरतो, काठावर न थांबता थेट आत जातो आणि थोड्याच वेळात परत निघतो. दोन्ही पालक पाळीपाळीने हे करतात, म्हणून एका जागेवर एक पक्षी उतरल्यावर दुसरा निघताना दिसतो. पिले जरा मोठी झाली की खाद्यासाठी त्यांचा सतत चाललेला कट्-कट् असा आवाज वारा नसताना काठापर्यंत पोहोचतो. ज्या बेटावर असे उतरणे दिसेल ते आणि त्याच्या भोवतालचा पट्टा त्या वर्षी सोडावा, उरलेला कापावा. बेटांना क्रमांक देऊन साधा हातनकाशा काढला आणि काम सुरू होण्याआधी तो यंत्रचालकाच्या हातात दिला, तर त्याला पक्षी ओळखता येण्याची गरजच राहत नाही.

---

गोदाकाठचा_शेतकरी

नकाशाची कल्पना करण्यासारखी आहे. आमच्या बाजूच्या बेटांची नावे भोई मंडळींना पाठ आहेत, त्यामुळे क्रमांकांऐवजी तीच नावे घालतो. यंदाच्या मार्चअखेरीस ज्यांना दोन सकाळी देता येतील त्यांनी इथेच कळवावे. दुर्बीण आपली आणावी, होडीची आणि चहाची सोय आमच्याकडे आहे.